फुलदाणी आणि घोरणं

जपानी दिग्दर्शक ओझूचं नाव निघालं की आपल्याकडची सिनेमाप्रेमी माणसं आवाज खाली आणतात. चपला बाहेर काढून देवळात शिरावं तशी. मग ठरलेले शब्द येतात: संथ, शांत, झेन, स्वीकार. काही वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीत ‘बान्शुन’ दाखवला, म्हणजे इंग्रजी नावाने ओळखला जाणारा ‘लेट स्प्रिंग’. दिवे लागल्यावर सूत्रसंचालक म्हणाले की काळापुढे माणूस किती निमूटपणे मान तुकवतो, याचं इतकं सुंदर दर्शन जगाच्या सिनेमात दुसरं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाताना छान हलकं हलकं वाटत होतं.

पुढे तो सिनेमा मी आणखी चार-पाच वेळा पाहिला, आणि ते हलकं वाटणं परत काही आलं नाही. आता तर मला त्याची थोडी लाजच वाटते. कारण या सिनेमात मान तुकवली जात नाही, एका मुलीची मान धरून वाकवली जाते. हे काम सगळे इतक्या प्रेमाने, इतक्या हसतमुखाने करतात की आपण बघणारेही त्यात सामील होऊन जातो. त्या संध्याकाळी डोललेल्या मानांशी मला आज भांडायचं आहे. त्यात एक मान माझी होती, म्हणून जरा जास्तच.

आधी गोष्ट सांगतो, ती फार मोठी नाही. १९४९ साल. तोक्योजवळचं कामाकुरा. सोमिया नावाचे छपन्न वर्षांचे विधुर प्राध्यापक आणि त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको. ती वडिलांचं सगळं बघते आणि त्यात खूश आहे. आत्या स्थळ आणते. नोरिकोला लग्न नको, कारण मग बाबांचं कोण बघणार? आत्या पिल्लू सोडते की बाबाच दुसरं लग्न करणार आहेत. वडील ते नाकारत नाहीत. मुलगी हादरते, चिडते, शेवटी होकार देते. बापलेक क्योतोची एक सहल करून येतात. लग्न होतं. वडील रिकाम्या घरी परततात आणि सफरचंद सोलायला बसतात. १०८ मिनिटांत एवढंच.

‘यात काही घडतच नाही, आणि तेच त्याचं सौंदर्य’ असं म्हणणारे बरेच भेटतात. एक बाप पोटच्या मुलीशी तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाबाबत खोटं बोलतो. त्या खोट्याच्या बळावर तिला घराबाहेर काढतो. ज्या बाईचं नाव पुढे केलं, तिचा काही संबंधच नसतो. एवढं आपल्या इमारतीत घडलं असतं तर खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत महिनाभर पुरलं असतं. जपानमध्ये, कृष्णधवल रंगात, चहाच्या भांड्याशेजारी घडलं की ते ‘काही नाही’ होतं!

चहावरून आठवलं. सिनेमा एन्गाकु-जी या झेन मठातल्या चहाविधीने सुरू होतो. किमोनो, माना लववणं, किटलीची वाफ. झेनवाल्यांना पहिल्या पाच मिनिटांतच हवं ते सापडतं. पण तिथे बोलणं काय चाललंय? आत्या नोरिकोकडे एक पुडकं सरकवते. त्यात नवऱ्याची जुनी पँट आहे, कसर लागलेली. कापून मुलाला हाफपँट होईल का, असं ती विचारते, आणि मागचा भाग जरा दुहेरी शिवायलाही सांगते. मठात बसून हे बोलणं! ओझू कुणाची टिंगल करत नाही, पण तो तुम्हाला अगरबत्तीही लावू देत नाही. हारुको सुगिमुराने केलेली ही आत्या मला तर ओळखीचीच वाटते. आपल्याकडे ती कार्यालयात पुढच्या रांगेत बसून ‘अगं, जरा ऐक’ म्हणत ब्लाउजपीसचा विषय काढते आणि त्याच दमात कुणाचं तरी लग्नही जमवते.

एन्गाकु-जीतच ओझूची समाधी आहे. तो १२ डिसेंबर १९६३ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी गेला. दगडावर नाव नाही, एकच अक्षर आहे: ‘मू’. शून्य, अभाव, काही-नाही, जे हवं ते म्हणा. या अक्षराने समीक्षकांची मोठी सोय केली आहे. कुठलाही ओझू घ्या, वर ‘मू’चा शिक्का मारा, काम संपलं. मेल्यानंतर दगडावर कोरलेल्या अक्षराने माणसाचा चौदा वर्षं आधीचा सिनेमा वाचायचा, हा न्याय मला अजून कळलेला नाही. दुसरा शिक्का ‘मोनो नो आवारे’चा. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागाने ‘गेंजी’ या अभिजात जपानी कथेवर लिहिताना ही कल्पना मांडली. वस्तूंच्या क्षणभंगुरतेने मन हळवं होणं, असा तिचा ढोबळ अर्थ केला जातो. नोरिनागा विद्वान होता. पण परदेशी समीक्षकाने सत्यजित राय पाहून ‘हे कर्मसिद्धांताचं दर्शन’ म्हटलं तर आपल्याला जे वाटेल, तेच एखाद्या जपानी माणसाला आपल्या तोंडून ‘मोनो नो आवारे’ ऐकताना वाटत असेल.

आता त्या प्रसिद्ध फुलदाणीकडे येतो, कारण शांततावाद्यांचा गड तोच आहे.

क्योतोतली धर्मशाळावजा सराई. रात्र. बापलेक शेजारीशेजारी गाद्यांवर आडवे. दिवा मालवलेला. मागे शोजीच्या, म्हणजे सरकत्या दाराच्या कागदावर बांबूची सावली, तिच्यापुढे एक फुलदाणी. नोरिको छताकडे बघते, चेहऱ्यावर हलकं हसू आहे. मग फुलदाणी. मग पुन्हा नोरिको, आता डोळे भरून येण्याच्या बेतात. मग पुन्हा फुलदाणी. या काही सेकंदांवर किती शाई सांडली आहे! पॉल श्रेडरने १९७२च्या पुस्तकात त्या फुलदाणीला परस्परविरोधी भावना पोटात घेऊन त्यांना शाश्वतात नेणारं रूप ठरवलं. तत्त्वज्ञ जिल दलूझला तिच्यात साक्षात काळ दिसला: सगळं बदलतं, पण बदलाचं रूप स्वतः बदलत नाही, असा काहीसा त्याचा मुद्दा. दोघंही थोर. पण मला एक साधा प्रश्न पडतो. यांनी आवाज बंद करून सिनेमा पाहिला होता का?

कारण त्या प्रसंगात बाप घोरतोय.

थोडं मागे जाऊन बघा. बाबांचे मित्र ओनोदेरा यांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा नोरिको त्यांच्या तोंडावर हसत हसत म्हणाली होती की हे गलिच्छ आहे. आज क्योतोत त्यांच्या नव्या बायकोला भेटून तिला वाईट वाटतंय. ती अंधारात बाबांना हे सांगते. बाबा म्हणतात, मनावर घेऊ नको. मग ती आणखी पुढे जाते, सगळ्यात अवघड जागी: बाबा, तुमच्याबद्दलही मला तसंच वाटत होतं. या मुलीने अख्ख्या सिनेमात मन उघडण्याचा केलेला हा सर्वांत धाडसी प्रयत्न, आणि ती वळून बघते तर ऐकणारा झोपलेला. मग ते हसू. मग घोरणं. मग फुलदाणी, आणि तिच्यावरून चाललेलं घोरणं. अश्रू येऊ घातले तरी घोरणं चालूच.

आता हिला अतींद्रिय शांती म्हणायचं असेल तर म्हणा. मला यात ऐकणाऱ्यापर्यंत न पोहोचलेलं एक वाक्य दिसतं. शेजारी माणूस असताना येतो तो एकटेपणा दिसतो, वडील अजून जिवंत, हाताच्या अंतरावर असतानाचा. शेवटचं सफरचंद पुढे येणार आहे, पण खरी एकटी पहिल्यांदा मुलगी पडते, आणि ती इथे. मग फुलदाणी का दाखवली? मला वाटतं, तिच्या चेहऱ्याकडे आणखी बघत राहणं ओझूला बरं वाटलं नाही. रडू येणाऱ्या माणसासमोरून आपण नजर वळवतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. कॅलेंडरवर कुणी प्रबंध लिहीत नाही.

लगेच पुढचा प्रसंग र्‍योआन-जीच्या दगडी बागेतला. झेन बागांमधली सर्वांत प्रसिद्ध. वाळूत पंधरा दगड, पण कुठेही बसलात तरी एखादा नजरेआड राहतो. इथे दोन बाप बसलेत, सोमिया आणि ओनोदेरा. विषय काय? मुलींचं मेलं असंच. वाढवा आणि देऊन टाका. नाही गेली तर काळजी, गेली तर मन खट्टू. आपणही अशीच वाढवलेली पोर पदरात घेतली होती की, म्हणून दोघं हसतात. ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे भाषांतराशिवाय कळायला हवं. जिच्याविषयी बोलणं चाललंय ती तिथे नाही. पंधरावा दगड कोण, हे मी सांगत नाही.

मग येतं ते लांबलचक भाषण. सामान आवरताना नोरिको शेवटचं सांगून बघते: मला असंच राहू द्या, तुमच्याजवळ. तुम्ही लग्न केलंत तरी चालेल. (ही शेवटची सवलत बघा. जे तिला गलिच्छ वाटत होतं, तेही ती गिळायला तयार आहे.) त्यावर बाप समजावतो की मी छपन्नचा झालो, माझं आयुष्य उतरणीला लागलं, तुझं आता सुरू होतंय. मानवी जीवनाचा, इतिहासाचा हा क्रमच आहे. सुख आयतं मिळत नाही, ते दोघांनी मिळून घडवायचं असतं, त्याला एक वर्ष, दोन वर्षं, पाच, दहा वर्षंही लागतात. आणि पुरावा म्हणून तो काय देतो? तुझ्या आईलासुद्धा सुरुवातीला सोपं गेलं नाही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिला रडताना मी कितीदा पाहिलंय.

हा पुरावा पुन्हा वाचा. मुलीला लग्नाला राजी करायला बाप तिला रडणारी आई दाखवतोय. हे वाक्य ओझू आणि कोगो नोदा या दोन मुरलेल्या पटकथाकारांनी लिहिलं, महिनोन् महिने एकत्र बसून संवादाचा शब्द न् शब्द तोलणाऱ्या माणसांनी. ते नकळत निसटलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

माझ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. ‘हा क्रमच आहे’ हे सोमियाचं म्हणणं आहे, कथेतल्या एका पात्राचं, त्यातही त्या क्षणी खोटं निभावून नेणाऱ्या पात्राचं. समीक्षकांनी ते उचललं आणि सिनेमाचं म्हणणं म्हणून छापलं. काळ जातो, मुली जातात, म्हातारे उरतात, ऋतू फिरतो, असं म्हटलं की कुणी काही केलेलंच नसतं, सगळं काळाने केलेलं असतं. आपल्याकडे यालाच ‘रीत आहे बाई’ म्हणतात. पाठवणीच्या वेळी मुलगी उंबऱ्यात अडली की कुणीतरी वयस्क बाई हे बोलते आणि तिच्या पाठीवरचा हात जरासा पुढे ढकलतो. तो हात बघायचा सोडून आपण ऋतुचक्राबद्दल बोलतो.

आणि हा काळ तरी कुठला? समीक्षकांचा काळ म्हणजे पाकळ्या गळणारा, तिथीवार नसलेला. ‘बान्शुन’मधल्या काळाला तारीख आहे. सिनेमा १९ सप्टेंबर १९४९ला प्रदर्शित झाला, तेव्हा जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. नोरिको आणि वडिलांचा साहाय्यक हात्तोरी सायकलवरून समुद्राकडे जातात त्या रस्त्यावर कोका-कोलाची इंग्रजी पाटी आहे, पुलावर वजनाची मर्यादा इंग्रजीत. नोरिकोची तब्येत आत्ता कुठे सुधारतेय, तिचं रक्त तपासून येतं. युद्धात सक्तीच्या कामाला जुंपल्यामुळे आणि सुट्टीच्या दिवशी बटाटे शोधत वणवण केल्यामुळे ती खालावली होती. क्योतोत वडील म्हणतात की तोक्योच्या तुलनेत इथे किती बरं, तोक्यो नुसतं धुळीचं. मूळ पटकथेत धूळ नव्हती, भग्न अवशेष होते. सेन्सॉरने ते बदलायला लावलं. ओझू स्वतः सिंगापूरला युद्धबंदी म्हणून राहून १९४६मध्ये परतला होता. या माणसाला काळ म्हणजे काय हे पाकळ्यांवरून शिकायची गरज नव्हती.

त्याहून महत्त्वाचं कायद्याचं. १९४७च्या राज्यघटनेचं चोविसावं कलम सांगतं की विवाह केवळ स्त्री-पुरुष दोघांच्या संमतीवर आधारलेला असेल. १९४८च्या सुरुवातीपासून नागरी कायदाही बदलला आणि घराण्याच्या कर्त्याचे जुने अधिकार गेले. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या नोरिकोवर कुणाचीही सक्ती चालणार नव्हती. ठरवून केलेलं लग्न ताबा घेतलेल्या अमेरिकनांच्या सेन्सॉरला खुपायचंही. त्यांना तो सरंजामी अवशेष वाटे. मग सिनेमात काय होतं? आत्या रीतसर विचारते, तुझी इच्छा आहे ना? जायचं ना? नोरिको थंड आवाजात ‘हं’ म्हणते. संमती मिळाली! कलम चोवीसचं काटेकोर पालन झालं. फक्त ती संमती ज्यावर उभी आहे ते खोटं आहे. कायदा बदलूनही गोष्ट कशी तशीच पार पाडता येते, आणि तीही कुणी आवाज न चढवता, याचं इतकं नेमकं चित्र ज्या सिनेमात आहे त्याला आपण कालातीत म्हणून माळ्यावर ठेवतो.

नोरिकोला ‘स्वीकार’ करताना ज्यांनी पाहिलं त्यांनी नोहचा प्रसंग पुन्हा बघावा. बापलेक नोह या पारंपरिक जपानी शैलीतलं नाटक बघायला बसलेत, गाणं चाललंय. वडील समोर कुणाला तरी बघून हलकेच मान लववतात. ती विधवा श्रीमती मिवा, जिच्याबद्दल आत्याने नोरिकोला सांगून ठेवलंय. नोरिकोही मान लववते. मग ती वडिलांकडे बघते, मिवाकडे बघते, पुन्हा वडिलांकडे. नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचं ते जगप्रसिद्ध हसू इंचाइंचाने विझत जातं आणि त्या जागी जे येतं त्याला मी तरी दुःख म्हणणार नाही. तो राग आहे. मान खाली जाते, पण तुकवल्यासारखी नाही, धुमसणाऱ्या माणसाची जाते तशी. ओझू घाई करत नाही, कित्येक मिनिटं आपल्याला तिथेच बसवून ठेवतो. वडील मात्र रंगून नाटक बघतायत. बाहेर पडल्यावर ती म्हणते, मला काम आहे, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने भराभर चालू लागते. कॅमेरा त्यांच्यासोबत सरकतो.

हो, सरकतो. ‘ओझूचा कॅमेरा हलत नाही’ हेही एक पाठांतर. उत्तरायुष्यातल्या सिनेमांत तो खरंच थांबला, पण ‘बान्शुन’मध्ये सायकलींबरोबर धावतो, या रस्त्यावर चालतो. आणि तो तातामीवर, म्हणजे चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, हेही तसंच. बसलेल्या माणसाचे डोळे त्याहून वर असतात, आणि रस्त्यावर, कचेरीतही कॅमेरा तसाच खाली असतो, जिथे कुणी मांडी घालून बसत नाही. अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेलने हे १९८८मध्येच दाखवून दिलंय. दंतकथा मात्र ठणठणीत आहे.

आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांचंही थोडं बघू. त्यांचं म्हणणं, तुम्ही म्हणता ती सक्ती खरीच, पण ओझू तिच्या बाजूचा आहे. मुलींनी लग्न करून जावं हेच तो शिकवतो. मला हे फुलदाणीवाल्यांपेक्षा बरं वाटतं. निदान काहीतरी घडतंय हे त्यांना दिसलं. पण ज्याला लग्नाचा प्रचार करायचाय तो नवरा दाखवणार नाही का? नवरदेव साताके संपूर्ण सिनेमात एकदाही दिसत नाही. त्याच्याबद्दल कळतं ते इतकंच की तोंडाच्या ठेवणीत तो गॅरी कूपरसारखा आहे. आणि त्याचं नाव कुमातारो. त्यातलं ‘कुमा’ म्हणजे अस्वल, म्हणून आत्याला पेच पडतो की हाक काय मारायची. कुमातारो म्हटलं तर छातीवर केस असलेला कुणी रानगडी वाटतो. लग्नाचा विधीही दाखवलेला नाही. इतका खटाटोप ज्यासाठी, ती गोष्ट पडद्यावर नाहीच! रॉबिन वुड या समीक्षकाने फार पूर्वी लिहिलंय की इथे मुलीच्या सुखाचा बळी दिला जातो. त्याच्याशी मी सहमत आहे, एक सोडून. तिचं सुख म्हणजे मुक्ती होती, असं मला म्हणवत नाही. नोरिकोला काहीच बदलायला नको आहे. विधुराचं लग्न तिला गलिच्छ वाटतं. बाबांच्या चपला, बाबांचा चहा, बाबांचे कपडे हेच तिचं राज्य. हात्तोरीला तिने विनोदाने सांगितलंय की मी मत्सरी आहे, मी चिरलेलं मुळ्याचं लोणचं नेहमी एकमेकांना चिकटून राहतं. हात्तोरी म्हणतो, हा सुरी आणि पाटाचा प्रश्न, मत्सराचा नव्हे. मला वाटतं नोरिकोचं बरोबर होतं. पण चिकटून असलेले काप वेगळे करायचे तर खोटं बोलूनच, असं कुठे आहे?

आणि आधुनिकांचं तरी काय! नोरिकोची मैत्रीण आया घटस्फोटित आहे, लघुलेखक म्हणून स्वतः कमावते, खुर्च्या-टेबलांच्या घरात राहते, केक करते. नव्या जपानची चालती जाहिरात. तीही नोरिकोला तेच सांगते: कर ना लग्न, पटलं नाही तर दे सोडून. वडील, आत्या, मैत्रीण, नवं, जुनं, सगळे एकाच दिशेने ढकलतायत. नोरिकोच्या बाजूने एकही माणूस नाही. असं एकमत झालं की त्याला ‘काळ’ म्हणायचा मोह होतो, हे मला मान्य.

माझ्या एका मित्राचा आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही. तो म्हणतो, अरे, पण बापाने स्वतःचं घर मोडून मुलीचं भलं बघितलं, खोटं बोलला ते प्रेमापोटी, आणि किंमत त्यानेच मोजली. खरं आहे. सोमिया खलनायक नाही. ही भूमिका करणाऱ्या चिशू र्‍यूच्या चेहऱ्यावर कपट बसतच नाही. (र्‍यू तेव्हा अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. ओझूने त्याला इतक्यांदा म्हातारा केलं की तो तरुण होता हे लोक विसरले.) लग्नानंतर बारमध्ये तो आयाला सांगतो की मी लग्न करणार नव्हतोच, आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोललो. आया गहिवरून त्याच्या कपाळावर ओठ टेकते, अधूनमधून भेटायला येईन म्हणते. आपणही गहिवरतो. इथे ओझूची कारागिरी बघा: खोट्याचा कबुलीजबाब मिळतो, पण ज्या व्यक्तीला तो मिळायला हवा, ती सोडून. नोरिकोला सिनेमात शेवटपर्यंत कळत नाही. वडिलांसाठी मनाविरुद्ध जागा रिकामी करून दिली, असं समजून ती गेली आहे. मग घरी येऊन तो सफरचंद सोलतो. ओझूला हवं होतं की साल संपल्यावर त्याने हंबरडा फोडावा. र्‍यूनेच नंतर सांगितलंय की त्याने दिग्दर्शकाला तेवढं एकदा नाही म्हटलं. ते त्याला जमणारं नव्हतं. म्हणून नुसती मान खाली पडते.

म्हणजे पाहा, जगभर जिचा शांत स्वीकार म्हणून गौरव झाला ती मान मुळात आक्रोशाच्या जागी आहे. दिग्दर्शकाने मागितला होता आक्रोश. नटाला तो जमला नाही, आणि आपण त्याला झेन म्हणतो.

र्‍यू बरोबरच होता. हंबरडा तिथे शोभला नसता. पण त्या सफरचंदामुळे एक नुकसान झालं. सिनेमा म्हटलं की सगळ्यांना एकटा म्हातारा आठवतो. १९६०मध्ये ओझूने हीच गोष्ट ‘अकिबियोरी’त उलटी मांडली, त्यात सेत्सुको हारा आईच्या भूमिकेत आहे आणि शेवटी घरात एकटी ती उरते. तेव्हाही लोकांना दिसलं ते ऋतुचक्रच. मला आता ‘बान्शुन’ म्हटलं की सफरचंद आधी आठवत नाही. त्याच्या थोडं आधीचं आठवतं, लग्नाच्या सकाळचं.

नोरिको नवरीच्या वेशात आरशासमोर बसली आहे, डोक्यावर तो जड शिरोभूषणाचा डोलारा. ती वडिलांसमोर वाकून आजवरच्या सगळ्याबद्दल आभार मानते. वडील खुशीत दिसायचा प्रयत्न करतात. तिला धरून खाली नेतात. गाडी उभी आहे. खोलीत आत्या उरते. तीही निघते, हातात बॅग घेते, आणि मग थांबते. खोलीच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारते, भिंतीकडे बघत, जमिनीकडे बघत, काही राहिलं तर नाही ना म्हणून. मंगल कार्यालय सोडताना आपल्या घरातली एखादी बाई हमखास अशी शेवटची फेरी मारते. आत्याला काही सापडत नाही. ती खाली जाते. मागे आरसा, आणि त्याच्यासमोरचं रिकामं स्टूल.